डिलिव्हरी झाली म्हणजे शुगर गेली?

आज मावसभावाकडे बाळ बघायला गेले होते. दोन महिन्यांचं आहे, गोड आहे. वहिनीला सातव्या महिन्यात शुगर निघाली होती, शेवटी इन्सुलिनही सुरू करावं लागलं. मी विचारलं, ग्लुकोजची टेस्ट झाली का गं? तिच्याआधी मावशीच बोलली, "आता कसली टेस्ट? शुगर गेली." आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे केला. घरी आले तरी डोक्यातून जात नाहीये.

माझ्या ताईचं अगदी हेच झालं. गरोदरपणात शुगर, नंतर नॉर्मल, सगळे निर्धास्त. पुढे कुणी तिची शुगर तपासलीच नाही. चाळिशीच्या आत टाइप टू मधुमेह.

वार पडली की तिच्या हार्मोन्सचा जोर ओसरतो, म्हणून शुगर उतरते. धोका उतरत नाही, अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. म्हणून 6 ते 12 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन टेस्ट करायची, आणि ती नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं. बाळाच्या लसीची तारीख घरात सगळ्यांना पाठ. आईची टेस्ट कुणाला आठवते?

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? ताई गरोदर होती तेव्हा याच घराला सगळं जमत होतं. भात वाटीभर, उसळ-भाजी भरपूर, आठच्या आत जेवण, आणि जेवल्यावर भावोजी स्वतः तिला फेरी मारायला न्यायचे. कारण पोटात बाळ होतं. बाळ बाहेर आलं आणि ताईचं पथ्य त्याच दिवशी संपलं. मग मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवायचं, सगळ्यांचं झाल्यावर साडेदहाला जेवायचं. चालायला जाते म्हणाली की, "दिवसभर घरात चालतेसच की!"

मान्य, अंगावर पाजणाऱ्या बाईला भूक लागते, तिला चार घास जास्तच हवेत. एखाद्या लाडवाने आभाळ कोसळत नाही. पण दिवसाला चार लाडू, वर तुपातला शिरा, आणि हिंडणं-फिरणं बंद?

2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. शुगर सीमेवर असलेल्या लोकांना 7 टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच ध्येय दिलं होतं. मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. गरोदरपणात शुगर झालेल्या बायकांमध्येही ते जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. ताईला तो अर्धा तास कुणी दिला नाही. आता रोज गोळ्या घेते, आणि तिच्या पथ्याचं वेगळं करायला लागतं म्हणून घरचे कुरकुरतात!

मावशी, तू हे वाचशील, मला माहीत आहे. तुझ्या मायेबद्दल मला शंका नाही. वहिनीच्या पाठीला तेल तूच लावतेस, रात्री बाळाला घेऊन तूच बसतेस. तुझ्या वेळी तर तुझी शुगर कुणी बघितलीही नसेल. पण ताईला रोज बघतेय गं मी.

सोमवारी सकाळी मी वहिनीला लॅबमध्ये नेणार आहे, उपाशीपोटी. दोन तास लागतील. बाळाला घेऊन भाऊ सोबत येतोय, त्याने सुट्टी टाकली आहे. आणि संध्याकाळची फेरी परत सुरू करायचीय, हे त्याला आजच सांगून आले.