पैसे भरण्याआधी एवढे पाहावे

मोठ्या खासगी संशोधन विद्यापीठांविषयी नुकत्याच वाचलेल्या एका लेखात प्रयोगशाळांची माहिती चांगली आली आहे. मात्र आपल्या मराठवाड्यातल्या पालकांना सर्वांत आधी हवी असलेली बाब राहून गेली. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेली १०० टक्के शुल्कमाफी खासगी व अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना लागू नाही. भाचीच्या प्रवेशावेळी, सोयाबीन विकून आलेल्या पट्टीचे पैसे भरून पावती हातात आल्यावर आम्हाला हे कळले, आणि त्या रात्री दाजींना जेवण गेले नाही. प्रवेश खिडकीवर मात्र कोणी अवाक्षर काढले नव्हते. पदवीच्या मुलांना संशोधनात खरोखर सामावून घेतात का, हेही प्रवेशाआधी त्या विद्यापीठातल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.