सांताक्रूझचा पाऊस अलास्कातून आला नव्हता

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो : अलास्कातील ‘हार्प’ हे केंद्र आयनांबर, म्हणजे वातावरणाचा उंचावरचा विद्युतभारित थर, तापवून अतिमंद वारंवारतेच्या रेडिओ लहरी निर्माण करते, त्या लहरींनी हवी तिथे ढगफुटी घडवता येते आणि 26 जुलै 2005 चा प्रलय हा त्याचाच प्रयोग होता. यातला पहिला भाग खरा आहे, म्हणूनच उरलेला भाग लोकांच्या गळी सहज उतरतो.

हार्पच्या गाकोना येथील 180 अँटेना 2.7 ते 10 मेगाहर्ट्झच्या लहरी ठरावीक तालात वर सोडतात. त्यांच्यामुळे 60 ते 90 किलोमीटर उंचीवरील इलेक्ट्रॉन तापतात, तिथली विद्युतवाहकता बदलते आणि ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून निसर्गतःच वाहणारा विद्युतप्रवाह त्याच तालावर कमी-जास्त होऊ लागतो. हा प्रवाहच मग अँटेनाचे काम करतो आणि मंद लहरी सोडतो. प्रक्षेपण थांबताच ते इलेक्ट्रॉन क्षणार्धात निवतात, म्हणून तर प्रवाहाला सेकंदाला शेकडो वेळा असे हेलकावे देता येतात. तेव्हा ही उष्णता दिवसचे दिवस साठवून नंतर मुंबईवर सोडली जाते, हे म्हणणे त्या तंत्राच्या मुळावरच येते. शिवाय 36 लाख वॅटची यंत्रणा राबवून हाती येणारी मंद लहर जेमतेम काही वॅटच्या घरातली असते. आपल्याकडे वळिवात कडाडणारी एक वीज याहून कितीतरी जोरकस लहरी सोडते. मुळात पावसाचे ढग पंधरा-सोळा किलोमीटरच्या आसपास संपतात आणि हार्पच्या लहरी तो थर जवळपास न तापवता ओलांडतात.

आता 2005 चे. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे 25 किलोमीटरवरच्या कुलाब्याला केवळ 73 मिलिमीटरच्या आसपास. एक हजार हर्ट्झच्या लहरीची लांबीच 300 किलोमीटर असते. ती कुलाबा वगळून सांताक्रूझ कसे गाठणार? हार्पला पूर्ण क्षमता लाभली तीही 2007 मध्ये. अशा मजकुरामुळे मिठी नदीच्या आक्रसलेल्या पात्रावरची चर्चा बाजूला पडते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

राहिला ‘असे केंद्र भारतातही गुपचूप उभारले आहे’ हा दावा. मुंबईच्या माथ्यावर ध्रुवीय प्रवाह नाही, आणि विषुववृत्ताजवळ आयनांबरातून असाच वाहणाऱ्या प्रवाहाचा अरुंद पट्टा तमिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या बाजूने जातो. ज्याला हेलकावे द्यायचे, तो प्रवाहच या शहरावर नाही.