त्याला गोंगाट म्हणू नका

आज ड्युटीवर इतका संताप आला की घरी येऊन चहासुद्धा न टाकता लिहायला बसलेय.

आमच्या केअर होममध्ये एक इंग्रज आजोबा आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. रात्रीचं जेवण झालं की मी त्यांना मोबाइलवर 'गून शो' हा रेडिओवरचा जुना विनोदी कार्यक्रम लावून देते. आज एकाने येऊन तो सरळ बंद केला. म्हणे, काय हा गोंगाट! आजोबा बोलले काहीच नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

गोंगाट? १९५१ ते १९६० बीबीसीवर हा कार्यक्रम लागायचा. सुरू झाला तेव्हा आजोबा शाळकरी पोर. वडील युद्धावरून परतलेले. घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत, दार आपटलं तरी दचकायचे. पण व्हॉल्व्हचा रेडिओ तापून आवाज यायला लागला की खुर्ची पुढे ओढायचे. आत धडाम् झालं की हसायचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दाराला दचकणारा माणूस!

याचा मी फार विचार केलाय. हा कार्यक्रम लिहिणारा स्पाइक मिलिगन स्वतः तोफखान्यातला. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत उखळी तोफेच्या माऱ्यात जखमी झाला, मन त्याहून जास्त फाटलं. १९५२ च्या अखेरीस पुन्हा कोसळला, इस्पितळात गेला, तरी लिहीत राहिला. त्याच्या गोष्टीत ब्लूबॉटल नावाचं पात्र आहे, आवाज नट पीटर सेलर्सचा. तो स्फोटात उडतो आणि पुढच्याच वाक्याला तक्रार करायला हजर! खऱ्या युद्धात जे परत आले नाहीत, ते इथे परत येत होते. आजोबांच्या वडिलांना ते कळत असणार. मला तरी तसंच वाटतं.

त्यात लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन पात्रं घालून आपल्या लोकांच्या बोलण्याची टिंगल केलीय. बोचते मलाही. मान्य.

पण हा मिलिगन जन्मला कुठे, ठाऊक आहे? आपल्या नगरला, १९१८ साली! वडील तिथे ब्रिटिश फौजेत होते. लहानपणी पुण्यातही राहिला. मी नगरची आहे हे आजोबांना सांगितलं, तेव्हा कितीतरी वेळ त्यांनी माझा हात सोडला नव्हता.

उद्या माझी सुट्टी आहे. उद्या कोण लावून देणार त्यांना?

निघताना मी त्यांच्या खोलीत गेले. कुणाला त्रास नको म्हणून अगदी बारीक आवाजात पुन्हा लावला. आजोबांनी खुर्ची पुढे घेतली आणि बोटाने खूण केली, वाढव.