सगळं ‘बॉर्डरलाइन’च आहे!

आज भाचीच्या बाळाच्या बारशाला भाऊजींनी पंगतीत आपला रिपोर्ट हसत हसत वाचून दाखवला: उपाशीपोटीची साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, रक्तदाब १३४/८८. “काही नाही, सगळं बॉर्डरलाइन आहे,” असे म्हणून त्यांनी जिलेबी वाढून घेतली आणि पंगतीनेही आग्रहच केला. मी गप्प बसलो, याचा राग अजून गेलेला नाही.

मला बाबांचा पट्टा आठवत होता. दर दोन-तीन वर्षांनी ते खिळा-हातोडी घेऊन त्याला टोकाकडे आणखी एक भोक पाडत आणि आई कौतुकाने म्हणे, “खात्यापित्या घरचं लक्षण!” हातपाय काटक असल्यामुळे त्यांना कोणी कधी लठ्ठ म्हटले नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाबा याज्ञिकांच्याच जातकुळीतले.

कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइड १५०, रक्तदाब १३०/८५, साखर १०० यांपैकी काहीही गाठले, किंवा एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) कमी पडले, की एक खूण. अशा पाचांपैकी तीन खुणा जमल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. भाऊजींच्या तीन खुणा टेप लावण्याआधीच भरल्या! हा स्वतंत्र आजार मानावा की नाही, यावर डॉक्टरांत वाद आहे, असू दे. पोटातली चरबी यकृताला आणि स्नायूंना इन्सुलिनचे ऐकू देत नाही, मग स्वादुपिंड वर्षानुवर्षे जास्तीचे इन्सुलिन ओतून साखर आटोक्यात ठेवते, आणि ते थकल्यावरच रिपोर्टमध्ये मधुमेह उमटतो. साखर ही शेवटी येणारी पाहुणी आहे. बाबांचीही बरीच वर्षे ‘नॉर्मल’च होती.

आनुवंशिकतेपुढे कोणाचे चालत नाही, हेही मान्य. पण वजन थोडे उतरवून आणि रोज चालून याच टप्प्यावर पुष्कळांचा मधुमेह लांबतो, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नाही. भाऊजींवर तरी कसला राग धरू? बाबांना खिळा-हातोडी मीच आणून देत असे.

घरी आल्यावर तो पट्टा कपाटातून काढून मोजला. बकलापासून शेवटच्या भोकापर्यंत ९७ सेंटिमीटर भरला, आणि बाबा तर तो पोटाच्या खाली बांधत.