काजव्यांच्या गावी जाऊन दिवे कसे लावावेत?

मे संपत आला, वळवाचे चार थेंब पडले, की ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "काजवे बघायला कोण कोण?" यंदा मीही हात वर केला. नऊ वर्षांच्या भाच्याला घेतलं आणि गेल्या शनिवारी भंडारदऱ्याला जाऊन आलो. काजवे फारसे दिसले नाहीत, पण काजवे बघायला जाणारी जाणकार मंडळी अगदी जवळून पाहिली. त्यांच्याकडून जे शिकलो ते आपल्यासारख्या नवख्यांसाठी इथे फुकट देतो आहे.

पहिलं म्हणजे शनिवारच धरा. मंगळवारी तिथे अंधार आणि शांतता असते, आणि दोन्ही आपल्या प्रकृतीला मानवत नाहीत. शनिवारी मात्र घोटी सोडली की घरच्यासारखं वाटायला लागतं. शेंडी गावाच्या पुढे रात्री साडेनऊला आम्ही पाऊण तास एकाच वळणावर उभे होतो. मागचा हॉर्न वाजवत होता, पुढचा खाली उतरून लघवी करत होता. थेट पुण्याचा चांदणी चौक.

ड्रोन असेल तर न्याच.

राहायला तंबू घ्या, पण सोयीचा. आम्हाला मिळाला तो फारच सोयीचा होता. साप-विंचू नको म्हणून आजूबाजूचं गवत साफ कापलेलं, बायाबापड्यांना भीती नको म्हणून बांबूवर हॅलोजन, आणि संध्याकाळी डासांसाठी धुराची फवारणी. २०२० साली 'बायोसायन्स' या नियतकालिकात जगभरच्या काजवातज्ज्ञांचं मत छापून आलं होतं. काजव्यांना सगळ्यात मोठा धोका अधिवास नष्ट होण्याचा, त्याखालोखाल कृत्रिम उजेडाचा, मग कीटकनाशकांचा. आमच्या तंबूवाल्याने तो लेख वाचला असण्याची शक्यता कमी, पण पहिले तिन्ही नंबर त्याने एकाच अंगणात आणून दाखवले. माणशी बाराशे रुपये, पिठलं-भाकरी धरून. शेजारच्याने तर जांभळीला लुकलुकत्या माळा सोडल्या होत्या. काजवे नाही आले तरी गिऱ्हाईक नाराज व्हायला नको.

वनखात्याचा फलक लागतो, तो अवश्य वाचा. मोठ्याने गाणी लावू नका, फ्लॅश मारू नका, वगैरे. टेकून फोटो काढायला उंचीही बरोबर आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. अभयारण्य म्हणजे जिथे भय नाही ते. आपल्याला कुठे कुणाचं आहे?

आता मुख्य मुद्दा, गाडीचे दिवे. हे नीट समजून घ्या. रतनवाडीच्या रस्त्याला गाडी बरीच अलीकडे ठेवून आम्ही चालत गेलो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात असं भाच्याला बजावलं होतं. एरवी दोन मिनिटं न टिकणारं पोर, दगडावर मांडी घालून गप्प बसलं. समोर सादड्याचं झाड. आधी दोन ठिपके, मग पाच-सहा, मग एक अख्खी फांदी, आणि बघता बघता पूर्ण झाड एका तालात लागायला-विझायला लागलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजेडाची लाट चढावी तसं. भाचा "मामा…" एवढंच म्हणाला. आणि वळणावरून ती आली. पांढरी, उंच, टपावर एलईडीची पट्टी, अप्पर मारलेला. झाडाचं पान न् पान दिसलं, पानावरची धूळ दिसली, फक्त काजवे तेवढे गेले. गाडी तिथेच उभी राहिली. काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "अरे, इथे तर काहीच नाहीये!"

बरोबर आहे साहेब. सूर्य टपावर बांधून चांदण्या बघायला निघालात, तर असंच होणार.

काजवा लुकलुकतो तो आपल्या स्वागतासाठी, असा बऱ्याच जणांचा समज दिसला. नर झाडावर चमकतो, मादी खाली गवताझुडपातून उत्तर देते, त्या उत्तराच्या रोखाने नर उतरतो आणि लग्न जुळतं. तोवर त्या जिवाने अळी म्हणून ओल्या पालापाचोळ्यात, गोगलगाई खात, महिनोन्महिने काढलेले असतात. पंख फुटल्यावर हातात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यात नेमके दोन-तीन शनिवार आपले. नराची खूण आपल्या उजेडात बुडते, मादी आपल्या बुटाखाली येते, आणि पुढच्या वर्षी आपणच म्हणतो, "पूर्वीसारखे काजवे राहिले नाहीत हो." आणि त्या गाडीचं इंजिन? ते चालूच. का, तर आतला एसी बंद पडायला नको! गाणंही चालूच. बास असा की दगडावर बसल्या बसल्या मला मांडीत जाणवत होता. आमच्याबरोबर गावातला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा वाटाड्या होता, बॅटरीला लाल कागद लावलेला. तो गेला, हात जोडून म्हणाला, "दादा, लाईट बंद करा ना जरा." दादा म्हणाले, "दोन मिनिटं रे, रील काढतोय." पोरगा परत येऊन उभा राहिला. जास्त बोलणार कसा? दादांचं बुकिंग त्याच्याच चुलत्याकडे. हे तीन-चार आठवडे संपले की भाताची आवणी, आणि ती संपली की पोरगा नारायणगावला टोमॅटो खुडायला. दादांना हे माहीत असतं. माहीत असतं म्हणूनच दादा दोन मिनिटांची पंचवीस मिनिटं करतात.

रील म्हटलं म्हणून सांगतो, काजवा मोबाईलमध्ये नीट येत नाही. नेटवरचे ते सोनेरी जंगलाचे फोटो म्हणजे कॅमेरा स्टँडवर तासन् तास ठेवून काढलेल्या फोटोंची एकावर एक रचलेली थप्पी असते. तेव्हा निराश न होता फ्लॅश मारत राहा. पान छान येतं.

रिकामी बाटली फेकू नका, काजवे भरायला लागते.

आणि शेवटची युक्ती, हीसुद्धा त्याच दादांची. गवतातून एक काजवा चिमटीत धरायचा, चिरडायचा, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या कपाळावर टिकली म्हणून फासायचा. उजेड थोडा वेळ टिकतो. तेवढ्यात रील होतं. मुलगी हसत होती, तिला काय कळतंय? आई म्हणाली, "सो क्यूट." माझ्या शेजारी भाचा उभा होता. त्याने माझा हात घट्ट धरला आणि मी काही बोललो नाही. नको ती भांडणं, रात्रीची वेळ, सोबत पोर. हे मी स्वतःला आठवडाभर सांगतो आहे.

तेव्हा जे बोललो नाही ते आता बोलतो. अहो, दिवा बंद करायला काय लागतं? एक बटण. इंजिन बंद करायला? किल्ली फिरवायची. पंधरा मिनिटं अंधारात तोंड मिटून बसता येत नसेल तर दीडशे-दोनशे किलोमीटर कशाला झक मारायला येता? लाजा कशा वाटत नाहीत, तो पोरगा तुमच्यासमोर हात जोडतो तेव्हा? त्याच्या घरचे जंगल राखतात आणि तुम्ही त्याला "दोन मिनिटं रे" म्हणता. मीही फार शहाणा नाही. त्याच हॅलोजनखालच्या तंबूत झोपलो, बाराशे मोजले, डासांची फवारणी केली म्हणून तंबूवाल्याला शाबासकीही दिली. पुढच्या वर्षी मी जाणार नाही. तुम्हीही येऊ नका. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर माळा लावा, बास लावा, काय हवा तो धिंगाणा घाला, तिथे तुम्हाला कोण विचारतंय?

आणि त्या पोरीचं कपाळ तेवढं पुसा.