माझ्या सिंकचा दाखला देऊ नका

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत सध्या एका दरपत्रकावरून वाद चालू आहे. नळ बदलणे २०० रुपये, सिंक बदलणे ६००, तुंबलेला पाइप मोकळा करणे ३००. हे पत्रक गेटवर लावायचं आणि यापेक्षा जास्त मागणाऱ्या प्लंबरला वॉचमनने आत सोडायचं नाही, असा प्रस्ताव आहे. तिसऱ्या मजल्यावर कोणाकडे तरी जुनं सिंक आणि नळ बदलण्याची मजुरी १,८०० रुपये झाली, तिथून हे सुरू झालं. ‘लूट आहे’, ‘चार आटे फिरवायचे एवढे पैसे?’, ‘माजलेत सगळे’. इथवर सोसायटीच्या ग्रुपवर मी नुसती वाचत होते. मग एका काकांनी माझा दाखला दिला: आपली पहिल्या मजल्यावरची मुलगी अमेरिकेत सिंक आणि नळ स्वतःच्या हाताने बसवते, मग यात असं काय मोठं कौशल्य आहे?

या काकांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दाखला चुकीचा आहे, आणि माझ्या नावाचा टेकू देऊन ते पत्रक गेटवर लागणार असेल तर मला बोललंच पाहिजे.

हो, मी सिंक बदललं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या नोव्हाय गावातल्या या घराबरोबर आलेलं दोन खणांचं पातळ स्टीलचं सिंक होतं. त्यात कढई आडवी मावायची नाही. एकाच मोठ्या खणाचं सिंक आणलं, वर खाली ओढता येणारा नळ आणला. सगळ्यात आधी मापं घेतली. ओट्यातल्या भोकाची लांबी-रुंदी तर सगळेच बघतात. खरं माप असतं ते भिंतीतून बाहेर आलेल्या सांडपाण्याच्या पाइपाच्या उंचीचं. नवं सिंक जुन्यापेक्षा दोन इंच खोल असलं की त्याखालचं डिस्पोजल, म्हणजे खरकटं दळून पाण्याबरोबर सोडणारं यंत्र, तेवढंच खाली उतरतं, त्याचं तोंड भिंतीतल्या पाइपाच्या खाली जातं आणि मग पाणी तुंबून राहतं. माझ्याकडे जागा होती, म्हणून जमलं. सिंकखालच्या जुन्या कॉकचे दांडे घट्ट झाले होते, ते जोर करून फिरवले तर तुटतात. म्हणून बेसमेंटमध्ये जाऊन घराचं मुख्य पाणीच बंद केलं. सिंकच्या कडेचं सिलिकॉन पट्टीच्या सुरीने कापलं, क्लिपा सैल केल्या, नवऱ्याने सिंक वरून उचलून घेतलं. नळाची नट आवळायला लांब दांड्याचा एक वेगळाच पाना लागतो, तो शेजारच्यांनी दिला. डिशवॉशरची नळी लावायच्या आधी डिस्पोजलमधली प्लास्टिकची बूच ठोकून काढावी लागते, ती काढली. पाणी सोडल्यावर प्रत्येक सांध्याखाली कोरडा पेपर टॉवेल धरून बघितला. शनिवारची सकाळ आणि दुपार गेली.

मला या कामाचा अभिमान आहे. ओट्याशी उभी राहून आयुष्य काढणाऱ्या आमच्या घरातल्या बायकांपैकी एकीनेही ओट्याखाली काय आहे हे कधी बघितलं नव्हतं. प्लंबर आला की बाबा बोलायचे आणि आई चहा टाकायची. पण हा अभिमान वेगळा आणि काकांनी काढलेला निष्कर्ष वेगळा.

मला जमलं, कारण माझ्या आधी खूप जणांनी काम सोपं करून ठेवलं होतं. इथे सिंकखाली थंड आणि गरम पाण्याला स्वतंत्र कॉक असतात. त्यांना जोडायच्या नळ्या तीन अष्टमांश इंचाच्या, टोकाला रबर बसवलेलं. टेफ्लॉन टेप लागत नाही, हाताने आवळून वर पान्याने थोडं फिरवलं की झालं. डेल्टाचा नळ घ्या की मोएनचा, दोन्ही त्याच कॉकला बसतात. सिंक ३३ बाय २२ इंचाचं मागितलं की कुठल्याही होम डेपोत, म्हणजे इथल्या घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, मिळतं. आणि प्लंबरला बोलवावं तर नुसता नळ बदलायला मला जो आकडा सांगितला, त्यात दुसरा नळ आला असता. कोणी त्याला लुटारू म्हटलं नाही. त्याचा दर तो आहे. परवडला तर बोलवा, नाहीतर स्वतः सिंकखाली आडवे व्हा. मी आडवी झाले. म्हणजे मी हे काम केलं ते काम किरकोळ आहे म्हणून केलं नाही, ते महाग आहे म्हणून केलं. काकांनी दाखला उलटा वाचला.

आता आमच्या बिल्डिंगचा ओटा बघा. ग्रॅनाइटखाली कडप्प्याच्या फळ्या, सिंक खालून व्हाइट सिमेंटने बसवलेलं. जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, पाइप भिंतीत गाडलेले, आतून गंजून अर्धे झालेले. बहुतेक स्वयंपाकघरांत सिंकखाली अँगल कॉक, म्हणजे तेवढ्या नळाचं पाणी बंद करणारा कॉक, नाही. पाणी बंद करायचं तर गच्चीवर जायचं. तिथे टाकीखाली ओळीने लागलेल्या कॉकपैकी कुठला कोणाच्या स्वयंपाकघराचा, हे ना बिल्डरच्या नकाशात आहे ना कमिटीच्या फायलीत. ते सोसायटीत नेहमी येणाऱ्या, १,८०० रुपये घेणाऱ्या त्या प्लंबरच्या डोक्यात आहे. जुना नळ फिरवताना भिंतीतल्या सॉकेटचे आटे गेले, तर टाइल फोडायची, गंजका तुकडा कापायचा, नवे आटे पाडायचे, पुन्हा प्लास्टर. आणि हे सगळं खालच्या तीन घरांचं पाणी बंद असताना, लोक जिन्यातून ‘अजून किती वेळ?’ म्हणून ओरडत असताना. तिसऱ्या मजल्यावर नेमकं हेच झालं होतं. दरपत्रकातल्या ‘नळ बदलणे’ या ओळीला भिंतीच्या आतलं काय दिसणार? मला त्या भिंतीसमोर उभं केलं तर मी हात लावणार नाही.

तो प्लंबर ओडिशातल्या पट्टामुंडाईचा आहे. केंद्रपाडा जिल्ह्यातल्या त्या भागातून प्लंबर सगळ्या देशात जातात. स्वातंत्र्याच्या आधी तिथली मुलं कोलकात्याच्या प्लंबिंग कंपन्यांत लागली, काम शिकली, मग भाऊ, मेहुणे, गावची पोरं मागोमाग आली, आणि पुढे मुंबई, दिल्ली, पुणे, आखाती देश. पट्टामुंडाईत आता प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थादेखील आहे. आमच्या ग्रुपवर मात्र त्याची ओळख ‘बाहेरून आलेला’ एवढीच. बाहेरून तर मीही आले आहे, नोव्हायमध्ये. मी घर सोडून लांब जाऊन कमावते याचं सोसायटीच्या गणपतीत कौतुक होतं. त्यानेही घर सोडलं, लांब गेला, कमावतो. त्याच्या वाट्याला गेटवर दरपत्रक. हे वाचताना माझ्या पोटात तुटतं, आणि ते मी लपवणार नाही.

मी जो नळ बसवला त्या डेल्टा कंपनीच्या मागेही घर सोडून आलेला माणूस आहे. ॲलेक्स मनूगियन, जन्म १९०१, स्मिर्नाचा (आजचं तुर्कीतलं इझमीर) आर्मेनियन. १९२० मध्ये एकटा अमेरिकेत आला. १९२९ साली डेट्रॉइटला मोटारींचे सुटे भाग करणारा कारखाना काढला, आणि १९५४ मध्ये एकाच दांड्याने गरम-थंड पाणी सोडणारा नळ बाजारात आणला. नळ कोणी घेईना तेव्हापासून घरोघरी तो लागेपर्यंत त्याने त्यात जीव घातला. पुढे डेट्रॉइटमधला आपला राहता बंगला त्याने शहराला दिला. आजही तिथे महापौरांचं अधिकृत निवासस्थान आहे. आणि तरीही आयुष्यभर आर्मेनियन शाळांना, चर्चना, लोकांना तो देत राहिला. दोन्हीकडचा होऊन राहता येतं, असं मला त्याच्याकडे बघून वाटतं. मला ते अजून साधलेलं नाही.

मी हे थोडक्यात ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, ‘तुमच्याकडे सगळं एवढं छान, मग फ्लिंटचं काय?’ फ्लिंट हे शहर माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला त्या शहराचं पाणी नदीवरून घेतलं, ते नीट प्रक्रिया न करता सोडलं, आणि जुन्या पाइपांतलं शिसं मुलांच्या पोटात गेलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेले तरी अधिकारी पाणी चांगलं आहे असंच सांगत राहिले. त्याच वर्षी जानेवारीत देशभर नवा नियम लागू झाला होता, की पिण्याच्या पाण्याच्या नळात पाण्याला लागणाऱ्या धातूत सरासरी ०.२५ टक्क्याहून जास्त शिसं चालणार नाही. त्याआधी ८ टक्के चालायचं. नळ शुद्ध आणि पाइप विषारी, असा तो काळ होता. मी फ्लिंट नाकारत नाही. पण फ्लिंट माझ्याच बाजूने बोलतं: पाण्याच्या कामात जाणकार माणसाचं न ऐकता आकडा कमी करायला गेलं की काय होतं, हे तिथे दिसलं.

त्याच ग्रुपवर मला कीव करणारेही आहेत. ‘बिचारीला तिकडे सगळं हाताने करावं लागतं.’ मला ही कीव नको. माझ्या घरातली प्रत्येक जोडणी मला माहीत आहे, आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला पाणी कुठून बंद करायचं ते ठाऊक आहे. तुमच्या घरात ते किती जणांना ठाऊक आहे?

पण एक गोष्ट मला बोचते, आणि ती या वादाच्या मुळाशी आहे. गेल्या मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास आईच्या स्वयंपाकघरातला नळ आट्यातून निखळला. घरात ती एकटी. माझी दुपार होती; व्हिडिओ कॉलवर मला नुसता आवाज आणि हलणारा दिवा. मी इथून काय करणार होते? तो प्लंबर वारज्याहून सायकलवर आला. आधी गच्चीवर जाऊन पाणी बंद केलं. मग पाइपाला हात लावायच्या आधी ओट्याखालचे कणकेचे आणि तांदळाचे डबे उचलून टेबलावर ठेवले, आईला म्हणाला, ‘आजी, तुम्ही पाण्यात येऊ नका.’ फरशी पुसली. बूच मारून दिली आणि सकाळी परत आला. माझं सिंक मी बसवते. माझ्या आईचा नळ तो बसवतो. जे मी किंवा भावाने करायचं, ते तो करतो, आणि आम्ही दोघंही बाहेर आहोत. दरपत्रकात ‘रात्री दहा वाजता येणे’ याची ओळ नाही.

म्हणून मी कमिटीला लिहिलं आहे. पत्रक लावू नका. दुरुस्ती निधीतून प्रत्येक स्वयंपाकघरात सिंकखाली अँगल कॉक बसवून घ्या, गच्चीवरच्या प्रत्येक कॉकवर फ्लॅट नंबर रंगवा, आणि हे काम त्याच प्लंबरला द्या, कारण कुठला पाइप कुठे जातो ते त्यालाच माहीत आहे. काम सुरू करण्याआधी त्याने अंदाज सांगावा, भिंत फोडावी लागली तर किती वाढतील तेही सांगावं, एवढी अट रास्त आहे. कॉक हाताशी आला की निम्मी कामं आपोआप स्वस्त होतील.

आईला मात्र माझं पटलेलं नाही. ती दरपत्रकाच्या बाजूने आहे. ‘पेन्शनीत राहणाऱ्यांनी १,८०० कुठून आणायचे, ते तू तिकडून सांगू नकोस,’ म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नाही. वरच्या मजल्यावरच्या मावशींना औषधांनंतर हातात काय उरतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, आपल्या नळाचे पैसे मी देते. त्यावर ती जरा रागावलीच. तुझ्या डॉलरने तू त्याचा दर वाढवून ठेवशील आणि भोगायचं आम्ही, असं तिचं म्हणणं. फ्लॅटवर माझं नाव आहे, पण त्या ओट्याशी रोज ती उभी असते, तेव्हा तिचं मत माझ्या मतापेक्षा जड आहे हे मी मान्य केलं. कॉक बसवायच्या कल्पनेला तिचा पाठिंबा आहे. त्याला फोन करून तिने पुढच्या गुरुवारी बोलावलंही आहे. किती घेणार ते त्या दोघांचं ठरलं आहे, मला आकडा सांगायला ती तयार नाही.