‘एका दुपारचं काम’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या विमा एजन्सीच्या ऑफिसला आणि तुमच्या ग्राहकांना जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. ज्यांना दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने पॉलिसीच्या रिन्यूअलचे मेसेज गेले, त्यांना एकेक फोन करून समजावणं किती जिवावर येतं हे मला कळतं.

तुम्ही आम्हाला एक तारा दिलात. इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. सगळा डेटा एक्सेलमध्ये तयार होता, तो नुसता सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांची माहिती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवायचा होता, ते एका दुपारचं काम आम्ही दोन आठवडे ओढलं, मेसेज भलत्याच नावांनी गेले, सीआरएममधून परत शीट काढली तर त्यात जुने शेरे नव्हते, आणि शेवटी शेवटी आमच्याकडे कुणी फोन उचलत नव्हतं.

फोनबद्दल मी काही बोलत नाही. आम्ही मोजकी माणसं आहोत, त्या दिवसांत सगळेच तुमच्या शीटमध्ये डोकं घालून बसलो होतो, पण ग्राहकाला त्याच्याशी काय करायचंय. शेऱ्यांचं एवढंच, की यादी एक्सपोर्ट केली की त्या यादीत निवडलेले कॉलम तेवढे येतात. कॉलचा इतिहास, शेरे, पॉलिसीला जोडलेल्या पीडीएफ वेगळ्या काढाव्या लागतात. ते सगळं सीआरएममध्ये जिथल्या तिथे आहे, गेलेलं काही नाही.

‘एका दुपारचं काम’ हे वाक्य मात्र काही केल्या मनातून जाईना.

फाइल चढवायला दुपारसुद्धा लागत नाही सर. बटण दाबलं की काही मिनिटांत चढते. कुणीही चढवू शकतं, आणि खरं तर तिथेच सगळा घोळ होतो. त्यावर पुढे येते. वेळ लागतो तो चढवण्याच्या आधी.

तुमच्या शीटमध्ये एका ग्राहकाची एक ओळ होती आणि त्याच ओळीत त्याच्या सगळ्या पॉलिसी आडव्या मांडलेल्या. पहिली पॉलिसी, तिची तारीख, तिचा प्रीमियम, मग दुसरी, मग तिसरी. ज्याच्या पाच-सहा पॉलिसी त्याची ओळ स्क्रीनच्या बाहेर. माणसाला वाचायला ही मांडणी सोयीची आहे, मी तिला नावं ठेवत नाही. सीआरएमला मात्र माणूस वेगळा लागतो, पॉलिसी वेगळी लागते आणि कुठली पॉलिसी कुणाची हे सांगणारी पक्की खूण लागते. ती खूण कुठून आणायची? मोबाईल नंबर घ्यावा तर नवरा, बायको आणि दोन्ही मुलं सगळ्यांना एकच नंबर. सीआरएमने त्या घरातल्या चौघांचा एकच माणूस करून टाकला असता. ईमेल घ्यावा तर कितीतरी ग्राहकांच्या नावापुढे तुमच्याच ऑफिसचा ईमेल, कारण कधीकाळी कुठल्यातरी फॉर्मला तो रकाना रिकामा चालत नव्हता. हे बहुतेक एजन्सींत असतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ते निस्तरायला वेळ जातो आणि तो वेळ कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

मग पॉलिसी नंबर. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच संख्या नीट धरून ठेवतं, सोळाव्या आकड्यापासून पुढे शून्य भरतं. नंबराच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते विचारल्याशिवाय उडवतं. आणि लांब नंबर असलेली सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातली, फाइल नुसती डबल-क्लिकने उघडून पुन्हा सेव्ह केली की नंबराच्या जागी ‘ई’, अधिकची खूण आणि दोन आकडे असं काहीतरी कायमचं बसतं. एकाच काळात निघालेल्या पॉलिसींचे सुरुवातीचे आकडे बरेचदा सारखेच असतात. त्यामुळे तुमच्या एका कॉलममध्ये खाली खाली जावं तर ओळीमागून ओळ तोच नंबर! वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या पॉलिसी, आणि नंबर एक. हे कुठलाही फॉर्म्युला लावून परत येत नाही. गेलेले आकडे गेलेले असतात. आम्ही ते नंबर पॉलिसीच्या पीडीएफ एकेक उघडून हाताने परत घातले. या कामाला दुपार पुरत नाही.

तारखांचं तर विचारूच नका. शीट कुणीतरी अशा कम्प्युटरवर उघडली होती ज्यात महिना आधी आणि दिवस नंतर धरला जातो. अशा वेळी काय होतं ते आमच्या कामातल्या माणसाला कॉलम बघताक्षणी कळतं. काही तारखा कप्प्याच्या उजव्या कडेला चिकटलेल्या, काही डाव्या. डावीकडच्या म्हणजे २५/०४ सारख्या. पंचविसावा महिना नसतो म्हणून एक्सेलने त्यांना नुसता मजकूर समजून तसंच सोडलं. उजवीकडच्या दिसायला छान, आणि त्याच चुकीच्या. ५ एप्रिलचं रिन्यूअल ४ मेला जाऊन बसलेलं. आठवण ४ मेच्या हिशोबाने गेली असती, तोवर ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ता भरायची वाढीव मुदत, संपत आला असता किंवा संपलाही असता, आणि पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद, व्हायची वेळ आली असती. शिवाय वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले. मॅच्युरिटी २०३५ ची, एक्सेलने धरली १९३५ ची. ती तारीख तशीच गेली असती तर सीआरएमच्या दृष्टीने तो ग्राहक पॉलिसी घेण्याआधीच मॅच्युअर झाला होता.

तुम्ही म्हणाल, हे एक्सेलचे दोष, मला काय त्याचं. बरोबर आहे. पण हे मी आमच्या सोयीसाठी रचून सांगत नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेकडून कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी रोजच्या आकडेवारीतून सुटल्या होत्या. कारण इतकंच, की जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच सुमारास माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलावी लागली, कारण एक्सेल त्यांच्या जुन्या नावांची मार्च-सप्टेंबरातली तारीख करून टाकायचं. तिथे तर तज्ज्ञांची फौज होती.

आता तो मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

कामाच्या सुरुवातीलाच आम्ही लेखी विनंती केली होती की आम्ही शीट घेतल्यापासून परत देईपर्यंत तुमच्याकडच्या प्रतीत कुणी काही बदलू नये. नवीन पॉलिसी आली तर वेगळ्या कागदावर टिपून ठेवावी. तुम्ही ‘ओके’ असं उत्तरही दिलं होतंत. त्यानंतर आमच्याकडे ‘फायनल’ नावाची शीट आली. मग ‘फायनल नवीन’. मग ‘फायनल नवीन हीच घ्या’. प्रत्येक वेळी कुठे काय बदललं ते शोधण्यासाठी दोन शीट शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवावी लागली. तुमच्या दोन आठवड्यांतला बराचसा वेळ इथे गेलेला आहे आणि रिव्ह्यूमध्ये याचा उल्लेख नाही, याचं वाईट वाटलं.

तरीही आम्ही तपासलेली फाइल तयार करून तुमच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. सीआरएममध्ये जी चढली ती ती नव्हेच. तुमच्या ऑफिसातून, तुमच्याच लॉगिनवरून, ‘फायनल नवीन’ची एक प्रत चढवली गेली. इम्पोर्टच्या इतिहासात तारीख, वेळ, फाइलचं नाव सगळं दिसतं, तुम्ही कधीही उघडून बघू शकता. त्या प्रतीत दोन गोष्टी झाल्या होत्या. एक म्हणजे नावांचा कॉलम तेवढा सॉर्ट केलेला. असं करताना एक्सेल चौकट दाखवून विचारतं की शेजारचे कॉलमही सोबत हलवू का. तिथे नाही म्हटलं की नावं अ ते ज्ञ क्रमाने छान लागतात आणि मोबाईल नंबर, तारखा, पॉलिसी आपापल्या जागी बसून राहतात. नाव एकाचं, मोबाईल दुसऱ्याचा, पॉलिसी त्या दुसऱ्याची. मेसेज भलत्याच नावांनी गेले ते यामुळे. दुसरं म्हणजे पहिला कॉलम, ज्यात सीआरएममध्ये आधीपासून असलेल्या प्रत्येक नोंदीचा सीआरएमने दिलेला आयडी होता, तो उडवलेला. दिसायला तो निरर्थक अक्षरांचा रकाना आहे हे मान्य. पण तोच नसेल तर ही जुनी नोंद आहे, हिच्यात फक्त बदल कर, हे सीआरएमला कळणार कसं? त्याने सगळी माणसं नव्याने तयार केली. म्हणून प्रत्येक ग्राहक दोनदा दिसायला लागला.

ज्यांनी हे केलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्या नवीन आहेत असं ऐकलं, त्यांनी मदतच करायला म्हणून केलं असणार, आणि कृपा करून यावरून त्यांना कुणी बोलू नये. पण त्याचा ठपका जाहीरपणे आमच्यावर यावा, तोही काहीच न विचारता, हे मनाला लागलं. आमच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत. नवीन एजन्सी आमच्याकडे येते ती इथले चार शब्द वाचून. तुमचा रिव्ह्यू आल्यावर एका ठरलेल्या कामाचा फोन आला की ‘आम्ही जरा थांबतो’. हे तुम्हाला दोष द्यायला म्हणून सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डबल झालेल्या नोंदी आम्ही काढल्या आहेत, नावं आणि नंबर मूळ शीटवरून पुन्हा जुळवले आहेत, आणि त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. मागणारही नाही. यापुढे कामाचं वेळापत्रक आधीच लेखी देऊ, सगळी फाइल चढवण्याआधी थोड्या ओळी चढवून तुम्हाला दाखवू, मेसेजची सोय तोवर बंद ठेवायला सांगू, आणि फोनचंही काहीतरी बघतो आहोत.

तुमच्या ग्राहकांच्या माहितीबद्दल यापेक्षा जास्त मी इथे लिहिणार नाही, ते योग्यही नाही. तुम्हाला वेळ असेल तेव्हा दोघं मिळून इम्पोर्टचा इतिहास उघडून बघू. आणि तो पाहिल्यावर रिव्ह्यूमधलं दुपारचं वाक्य तेवढं बदलावंसं वाटलं तर बरं वाटेल. ताऱ्यांचं तुम्ही ठरवा.

आणखी एक. तुमची मूळ शीट, म्हणजे कुणी काही सॉर्ट करण्याच्या आधीची, अजून आमच्याकडे पासवर्ड लावून ठेवलेली आहे. काम संपलं की अशा प्रती आम्ही काढून टाकतो, पण या परिस्थितीत तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावला नाही. हवी असेल तर पाठवते, नको असेल तर ‘काढून टाका’ एवढं ईमेलवर लिहून कळवा.